बिनपंखाची माशी



मासा आणि माशी हे शब्द बोलायला अगदी शेजारी-शेजारी आहेत. नदीतही ते शेजारीच राहतात, फक्त त्यातला एक दुसऱ्याला खातो. या दोघांच्या मधे माणूस फार पूर्वीच शिरला. इसवी सन २०० च्या सुमारास ईलियन नावाच्या एका रोमन लेखकानं लिहून ठेवलं आहे, की मॅसेडोनियातले लोक गळाला लाल लोकर गुंडाळतात आणि तिच्यावर कोंबड्याच्या गळ्याखालची, मेणाच्या रंगाची दोन पिसं बांधतात. खरीच माशी का लावत नाहीत? ईलियन सांगतो, की माणसाचा हात लागला की माशीचा रंग उतरतो, पंख चुरगळतात आणि मासा तिला तोंड लावत नाही. म्हणून खोटी माशी. पण खोटी माशी बांधायची तर खरी माशी आधी नीट बघावी लागते. एवढ्या एका गोष्टीवर हा सगळा उद्योग उभा आहे.

आज मी अशा माश्यांच्या एका गरीब घराण्याविषयी बोलणार आहे. त्यांना पंख नसतात. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या यॉर्कशायर परगण्यात आणि त्याच्याही वर स्कॉटलंडच्या सीमेवर त्या पिढ्यान्‌पिढ्या बांधल्या गेल्या. पाण्यावर तरंगते ती कोरडी माशी, पाण्यात बुडून वाहते ती ओली माशी. आपली बिनपंखाची माशी ओल्या जातीची. तिकडचे लोक तिला ‘स्पायडर’ म्हणतात, म्हणजे कोळी. कारण तिच्याकडे बघितलं की पायच पाय दिसतात.

आता तुम्ही म्हणाल, नायगावच्या माणसाला हे कुठून सुचलं? बरोबर आहे. ही माशी ज्या माशासाठी बांधतात तो ट्राउट थंड पाण्याचा मासा. आपल्या देशात तो मुळात नव्हताच. काश्मीरसाठी १८९९ मध्ये विलायतेहून ट्राउटची अंडी निघाली, ती वाटेतच मेली. पुढच्या वर्षी स्कॉटलंडहून दुसरी खेप आली, ती जगली. पुढे हिमाचलात, दक्षिणेत निलगिरीच्या डोंगरात तो रुजला. आमच्या तालुक्याच्या उत्तरेला गोदावरी आहे, पण मे महिन्यातल्या तिच्या पाण्यात पाय ठेवून बघा. ट्राउट त्यात एक दिवस टिकायचा नाही. आमच्याकडे गळाला गांडूळ लावायचं, नाहीतर कणकेची गोळी. मरळीसाठी बारकी बेडकी. पीस बांधून मासा धरतात हे मी पन्नाशीपर्यंत ऐकलंही नव्हतं.

माझा भाचा नोकरीसाठी यॉर्कशायरमधल्या लीड्स शहरात असतो. मला लहानपणापासून गळ टाकायचा नाद आहे हे त्याला ठाऊक. एका सुट्टीत तो आला, तेव्हा खिशातून काडेपेटीएवढी एक डबी काढून म्हणाला, “मामू, ये देखो. इसको पंखां नइ हैं.” डबीत कापसावर तीन माश्या होत्या. एक नारिंगी, एक जांभळी, एक पिवळसर करडी. मला वाटलं होतं, विलायती वस्तू म्हणजे काहीतरी झगमगीत असेल. या तर इतक्या साध्या, की खाली पडल्या असत्या तर केरात गेल्या असत्या.

त्यातली नारिंगी मी तुम्हाला बांधून दाखवतो. रेडिओवर दाखवता येत नाही, तेव्हा कानानं बघा.

हिचं नाव ‘पार्ट्रिज अँड ऑरेंज’. तित्तर आणि नारिंगी. नावातच सगळं सामान आलं. गळ जेमतेम सेंटीमीटरभर लांबीचा. नारिंगी रेशमाचा अगदी बारीक धागा घ्यायचा आणि मेणावरून ओढायचा. मेणानं धागा गळाला धरून राहतो, आणि त्याचा भडकपणाही जरा उतरतो. गळाच्या नेढ्यापासून खाली, वेढ्याला वेढा लावत, गळाच्या टोकाच्या समोर येईपर्यंत धागा गुंडाळायचा. तिथं थांबायचं आणि तसंच परत वर यायचं. झालं शरीर. आता तित्तराच्या मानेचं किंवा पाठीचं एक तपकिरी, ठिपक्याठिपक्यांचं पीस. त्याच्या बुडाशी असलेली लव काढून टाकायची, पीस नेढ्याजवळ बांधायचं आणि गळाभोवती फिरवायचं. दीड वेढा, फार तर दोन. तिसरा वेढा घ्यायचा मोह होतो. तो आवरला तर माशी, नाही आवरला तर झाडू. मग दांडी कापायची, धाग्याचे तीन-चार वेढे देऊन त्यांच्याखालून टोक ओढून घ्यायचं. संपलं.

एक गळ, एक धागा, एक पीस. हात बसलेल्या माणसाला पाच मिनिटं पुरतात.

जांभळीचं नाव ‘स्नाइप अँड पर्पल’. स्नाइप म्हणजे आपला पाणलावा. जांभळं रेशीम आणि पाणलाव्याच्या पंखावरचं गडद बारीक पीस. तिसरी ‘वॉटरहेन ब्लोआ’. पिवळ्या रेशमावर मोल नावाच्या बिळात राहणाऱ्या प्राण्याची लव, तीही इतकी विरळ चोळायची की खालचं रेशीम दिसलं पाहिजे, आणि पुढं पाणकोंबडीचं करडं पीस. ‘ब्लोआ’ हा तिकडचा गावरान शब्द. शिशासारखा, पावसाळी ढगासारखा निळसर करडा रंग म्हणजे ब्लोआ. आपल्याकडे जनावरांच्या रंगांना किती शब्द आहेत, कबरा, बांडा, पवळा. तसाच हा एक. शेतात आणि पाण्यात वावरणाऱ्या माणसांनीच असे शब्द केले आहेत.

आता मुख्य प्रश्न. पंख का नाहीत?

याचं उत्तर माशीत नाही, पाण्यात आहे. इंग्रजीत ‘मे-फ्लाय’ म्हणतात असा एक कीटक आहे. पावसाळ्यात दिव्याभोवती जे किडे जमतात त्यांत आपल्याकडेही तो असतो, पण आपण सगळ्यांना मिळून ‘दिव्याचे किडे’ म्हणून मोकळे होतो. याचं जवळजवळ सगळं आयुष्य पाण्याखाली, दगडाच्या पोटाला चिकटून जातं. कुठे काही महिने, थंड मुलखात एक-दोन वर्षंही. मग एके दिवशी ही अळी दगड सोडते, पृष्ठभागाकडे निघते, वर येऊन पाठीवरची कातडी फाडते आणि पंख घेऊन बाहेर पडते. हवेत आल्यावर पुन्हा एकदा ती अंगावरची पातळ कात टाकते. उडण्याजोगे पंख फुटल्यावरही कात टाकणारा कीटक एवढाच. पंख आल्यावर त्याला खाता येत नाही, त्याचं तोंड निकामी झालेलं असतं. काही तास, फार तर काही दिवस. जोडी जमवायची, अंडी घालायची आणि संपायचं.

मासा याची वाट बघत असतो. पंख फुटलेला कीटक क्षणात उडून जातो. पण पंख फुटण्याआधीचा, वर येण्यासाठी धडपडणारा, अर्धा कातडीत आणि अर्धा बाहेर असलेला जो जीव असतो, तो हमखास हाती लागतो. बिनपंखाची माशी म्हणजे नेमका हा क्षण. कोंबडीचं किंवा तित्तराचं मऊ पीस पाण्यात गेलं की त्याचे तंतू प्रवाहाबरोबर मिटतात, उघडतात, पुन्हा मिटतात. पाय हलल्यासारखे. रेशीम भिजून गडद होतं. हातात मेलेली वाटणारी वस्तू पाण्यात जिवंत होते. तिला हुबेहूब दिसायचं नसतं, तिला हलायचं असतं.

एडिंबरोच्या डब्ल्यू. सी. स्टुअर्ट यांनी १८५७ मध्ये हेच आग्रहानं मांडलं. त्यांच्या पुस्तकात तीनच कोळी आहेत, काळा, लाल आणि करडा, आणि त्यातल्या काळ्याचं श्रेय त्यांनी जेम्स बेली या मच्छीमाराला दिलं आहे. मग १८८५ मध्ये टी. ई. प्रिट यांनी यॉर्कशायरच्या माश्यांचं पुस्तक केलं, १९१६ मध्ये एडमंड्स आणि ली या जोडीनं आणखी एक. त्यांनी काही खास प्रतींमध्ये खरी पिसं आणि खरं रेशीमच लावून दिलं, म्हणजे रंगाबद्दल वाद नको. अमेरिकेत सिल्व्हेस्टर निम्स यांनी १९७५ मध्ये या विस्मृतीत गेलेल्या माश्यांवर पुस्तक लिहिलं तेव्हा त्या तिकडे पुन्हा घरोघरी बांधल्या जाऊ लागल्या. आणि गंमत बघा, जपानच्या डोंगराळ ओढ्यांवर मासे विकून पोट भरणारे लोकही पिढ्यान्‌पिढ्या बिनपंखाची, धागा आणि एका पिसाचीच माशी वापरत आले. तिला ते ‘केबारी’ म्हणतात. यॉर्कशायर कुठे आणि जपान कुठे! पाण्याकडे बघणारी माणसं एकाच उत्तरापाशी पोचली.

पण याच काळात इंग्लंडात उलटा प्रकारही चालला होता. सॅमन माशासाठी श्रीमंत लोक पंखांच्या, भरजरी माश्या बांधून घेत होते. जॉर्ज केल्सन यांचं १८९५ चं पुस्तक अशा माश्यांनी भरलेलं आहे. एकेका माशीत अनेक पक्ष्यांची पिसं. सगळ्या जगातले पक्षी त्यासाठी मारून जहाजानं लंडनला जात. आपल्या सह्याद्रीतला करडा रानकोंबडा त्यातलाच. त्याच्या मानेच्या पिसांवर मेणाच्या थेंबासारखे पिवळे चकचकीत ठिपके असतात, ते माशीचा डोळा म्हणून लावायचे. आज त्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. आणखी एक पीस ‘इंडियन क्रो’ नावानं चाले. तो ना कावळा, ना भारतातला. दक्षिण अमेरिकेतला एक लाल गळ्याचा पक्षी. व्यापाऱ्यानं नाव दिलं, ते चिकटलं.

हा हव्यास जुनाच आहे असं समजू नका. २००९ मध्ये इंग्लंडमधल्या ट्रिंग इथल्या संग्रहालयातून एका विशीतल्या तरुणानं २९९ पक्ष्यांची कातडी चोरली. तो संगीताचा विद्यार्थी होता, बासरी वाजवायचा. ही पिसं हवी होती भरजरी माश्या बांधण्यासाठी. गेलेल्या कातड्यांपैकी काही तर दीडशे वर्षांपूर्वी आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी जंगलं पालथी घालून जमवलेली होती. आणि यातली विनोदाची गोष्ट अशी, की सॅमन मासा नदीत अंडी घालायला येतो तेव्हा तो खात नाही. त्याला टूकानचं पीस आणि कोंबडीचं पीस यांतला फरक काय कळणार? ते सगळे अलंकार माशासाठी नव्हतेच. ते माणसानं माणसाला दाखवण्यासाठी होते.

मी कविता लिहितो. मराठीत लिहितो आणि घरात दखनी बोलतो. दोन्हीकडे शब्दांची आरास करायची सोय आहे. त्यामुळं ही गोष्ट मला जरा जास्तच लागली.

माझे अब्बा पटवेकरी होते. आजच्या मुलांना हा शब्द माहीत नसेल. सोनार मणी घडवायचा, पण ते मणी रेशमात गाठून बोरमाळ, एकदाणी, मंगळसूत्र गळ्यात घालण्याजोगं करायचं काम पटवेकऱ्याचं. नायगावच्या आठवडी बाजारात अब्बांची बैठक असायची. पायाच्या अंगठ्याला धागा अडकवायचा, दुसरं टोक हातात, शेजारी मेणाचा खडा. गाठ अशी बसायची की सुरुवात कुठे आणि शेवट कुठे ते बाईला कळायचं नाही. कुणी जास्त गोंडे मागितले तर म्हणायचे, “गोंडा बोलतो, मणी दिसत नाही.” मग तयार दोरे आले, साखळीत ओवलेले दागिने आले. बैठक मोडली. मला त्यांनी आग्रहानं बी.ए. केलं, आणि गाठ मात्र शिकवली नाही. त्यांना वाटायचं, या हाताला आता भाकरी नाही.

अब्बांच्या मागं एक पत्र्याची पेटी राहिली. तीत रेशमाच्या चार-पाच लडी होत्या. भाचा लीड्सला परत गेल्यावर मी ती पेटी उघडली. नारिंगी लड होती. पण ते रेशीम माशाच्या तोंडात घालायचं म्हणजे? मी आपाला विचारलं. आपा माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, अब्बांच्या हाताखाली बसून लडी उलगडलेली. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “गळ्यासाठी होतं, गळाला लागलं. पेटीत कुजण्यापरीस बरं.” आणि तिनंच मला मेण कसं ओढायचं ते दाखवलं. अब्बा तिच्यासमोर काम करत होते, तिचे डोळे शिकत होते. साठीपुढच्या तिच्या बोटांनी पहिल्या खेपेला जी गाठ मारली, ती मला महिनाभरात साधली नाही.

तित्तर धरायला कायद्यानं बंदी आहे आणि ते योग्यच आहे. आम्ही घरच्या गावरान कोंबडीची पिसं घेतली. कोंबडीचं पीस मऊ असतं, कोंबड्याचं ताठ. पाण्याखाली मऊच हवं. आणखी एक माशी आहे, ‘ब्लॅक अँड पीकॉक स्पायडर’. गळाला मोरपिसाचे हिरवे-तांबूस तंतू गुंडाळायचे आणि पुढं काळ्या कोंबडीचं पीस. मोर दर वर्षी पावसाळ्यानंतर पिसारा टाकतो, आणि गळून पडलेलं पीस जवळ ठेवायला आपल्या कायद्यात मुभा आहे. दर्ग्यावर फकीर डोक्यावरून फिरवतात तो मोरचेल आपण लहानपणापासून बघतो. विलायतेतल्या तळ्यांवर चालणारी माशी त्याच पिसाची निघावी, याची मला मौज वाटली.

आपाच्या आणि माझ्या हातच्या बारा माश्या मी भाच्याला पाठवल्या. त्यानं त्या वॉर्फ नदीवर नेल्या. दोन झाडात अडकून गेल्या, एक दगडात तुटली. एकीला ट्राउट लागला. त्यानं फोनवर छायाचित्र पाठवलं. तपकिरी अंगावर लाल ठिपके, आणि ओठाच्या कडेला अब्बांच्या लडीतलं नारिंगी रेशीम. छायाचित्र काढून त्यानं मासा परत सोडून दिला.

हे मी गोदावरीकाठच्या एका भोई मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, “पोटासाठी मासा धरतेत हे समजतं. धरून सोडायचा तर त्याला टोचायचाच कशाला?” माझ्याकडे याचं चोख उत्तर नाही. एवढंच सांगू शकतो, की माशी बांधायला लागल्यापासून मी नदीकडे वेगळ्या नजरेनं बघतो.

इंग्लंडात या माश्या बांधणाऱ्यांनीच नदीतले कीटक मोजण्याचं काम अंगावर घेतलं आहे. हे स्वयंसेवक महिन्यातून एकदा पाण्यात उतरतात, जाळी धरून तळ पायानं ढवळतात, जाळीत आलेल्या अळ्या मोजतात आणि सोडून देतात. आकडा ठरलेल्या पातळीच्या खाली गेला की सरकारी खात्याला कळवतात. घाण पाण्याचा फटका अळीला आधी बसतो, माशाला नंतर आणि माणसाच्या लक्षात सगळ्यांत शेवटी येतो. ज्याला कीटक कोणत्या महिन्यात, कोणत्या रंगाचा निघतो हे माहीत आहे, त्याच्या तो निघाला नाही हेही लक्षात येतं. बाकीच्यांना नदी कालच्यासारखीच दिसते.

गेल्या हिवाळ्यात मी शेजारची दोन पोरं घेऊन गोदावरीवर गेलो. जिथं पाणी खडकातून खळाळत होतं तिथले दगड आम्ही उलटे केले. तिसऱ्या-चौथ्या दगडाखाली ती सापडली. नखाएवढी चपटी अळी, मागे तीन लांब केस, पोटाच्या दोन्ही बाजूंना झालरीसारखे कल्ले. पोरं हरखली. तिथून थोड्या अंतरावर वाळू उपसलेला डोह होता. पाणी हिरवं, उभं. तिथं उलटायला दगडच नव्हते. पोरांपैकी एकानं विचारलं, “मग इथल्या अळ्या कुठं राहतात?” मी म्हटलं, राहत नाहीत.

ट्राउट आपल्या नशिबात नाही, त्याचं मला दुःख नाही. पण आपल्या नदीच्या किड्यांना आपल्याकडे नावंसुद्धा नाहीत, आणि ज्याला नाव नाही ते गेलं तरी कुणी रडत नाही, ही गोष्ट मात्र मनात सलते. यॉर्कशायरच्या शेतकऱ्यानं पावसाळी ढगाच्या रंगाला शब्द केला आणि तो एका किड्यासाठी वापरला. हे काम आपल्यालाही करता येण्याजोगं आहे. त्याला पैसा लागत नाही, परदेशी पिसं लागत नाहीत.

श्रोतेहो, येत्या पावसाळ्यात संध्याकाळी दिव्याखाली नीट बघा. पंख पाठीवर उभे मिटलेले, शेपटीला दोन-तीन लांब केस, अंग इतकं नाजूक की फुंकरीनं उडेल, असा एखादा किडा भिंतीवर बसलेला दिसेल. त्याला झाडूनं लोटण्याआधी मुलांना बोलावून दाखवा. त्याच्याकडे रात्रभराचाच वेळ आहे. आणि तो ज्या पाण्यातून वर आला, ते पाणी अजून जिवंत आहे.